मालकाने देऊ केलेली भागीदारी : आचाऱ्याने होकार देण्याआधी काय पाहावे?

मुदपाकखाना :

नमस्कार. मी एका उपाहारगृहात मुख्य आचारी म्हणून काम करतो. नुकतेच आमच्या मालकांनी, मी कधी विषयही काढलेला नसताना, मला धंद्यात भागीदार होण्याविषयी विचारले. त्यांचा प्रस्ताव असा आहे : धंद्याचा एकतृतीयांश हिस्सा माझ्या नावावर होईल, त्यासाठी मला पदरचा एक पैसाही घालावा लागणार नाही, मात्र भागीदार झाल्यावर माझा पगार बंद होईल आणि मी नफ्यातला वाटा घ्यायचा. गल्ला, बँक, जागेचा भाडेकरार आणि पुरवठादारांची देणी हे सारे आजवर त्यांनीच सांभाळले आहे व पुढेही तेच सांभाळतील. स्वयंपाकघर, तेथील माणसे आणि कोणते पदार्थ ठेवायचे याचा निर्णय माझ्याकडे राहील.

मालकांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि त्यामुळेच उत्तर देणे मला जड जात आहे. सरळ नकार दिला तर त्यांना तो अविश्वास वाटेल. होकार दिला तर मी नेमके कशाला होकार देत आहे, हे आज मलाच नीट सांगता येणार नाही. ज्या कामात आपण आयुष्याची उमेदीची वर्षे घातली त्यात आपली मालकी असावी, असे मला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. पण माझे घर माझ्या पगारावर चालते, हेही तितकेच खरे आहे. ज्यांनी असे निर्णय घेतले आहेत, किंवा ज्यांना हिशेब व कायदा यांतले कळते, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जमाखर्च :

मी उपाहारगृहांचे हिशेब लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे आकड्यांपुरतेच लिहितो. तुमच्या प्रस्तावातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हिस्स्याचे नसून ‘पगार बंद होईल’ हे आहे.

या धंद्यात साधारणपणे १०० ची विक्री झाली तर सुमारे ३० कच्च्या मालात जातात, तितकेच मजुरीत जातात, आणि भाडे, इंधन, वीज, दुरुस्ती, कर यांत उरलेल्यातला मोठा भाग संपतो. हाती राहते ती रक्कम बहुतेक वेळा एक आकडीच असते. समजा, १०० च्या विक्रीत तुमचा पगार ६ आहे आणि सर्व खर्च वजा जाता नफाही ६ उरतो. उद्या तुमचा पगार बंद झाला की कागदावरचा नफा आपोआप १२ होईल, आणि त्याचा एकतृतीयांश म्हणजे ४ तुमच्या हाती येतील. म्हणजे भागीदार होऊन तुमचे उत्पन्न ६ वरून ४ वर आले आणि मालकांचे ६ वरून ८ वर गेले. निम्मा हिस्सा मिळाला तरी तुम्हाला ६ च मिळतील, म्हणजे आजच्या पगाराइतकेच, आणि वर तोट्याची जबाबदारी येईल. याउलट पगार चालू ठेवून उरलेल्या नफ्यात एकतृतीयांश वाटा मिळाला, तर तुमचे ६ अधिक २ असे ८ होतात. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण आकडेमोड करण्याची रीत हीच आहे. पगार बंद करून मिळालेला हिस्सा हा बऱ्याच अंशी तुमच्याच पगाराची वाटणी असतो.

यात मालकांचा काही डाव आहे, असे मी मुळीच सुचवत नाही. पुष्कळ मालकांना हे गणित स्वतःलाच दिसलेले नसते, कारण ते स्वतः पगार न घेता गल्ल्यातून लागेल तशी उचल करतात आणि वर्षाअखेर जे उरेल त्याला नफा म्हणतात. त्यांच्या जागी एखादा व्यवस्थापक नेमावा लागला असता तर त्याला किती द्यावे लागले असते, ती रक्कम वजा करून पाहा. कित्येक ठिकाणी त्यानंतर काहीच उरत नाही.

म्हणून होकार-नकाराच्या आधी निदान तीन वर्षांची नफा-तोटा पत्रके, ताळेबंद, बँकेचे खातेउतारे आणि भरलेली करविवरणपत्रे पाहायला मागा. पुरवठादारांच्या थकबाकीची यादी मागताना प्रत्येक देणे किती जुने आहे तेही लिहून घ्या. जो माणूस तुम्हाला भागीदार करू इच्छितो, त्याला वह्या दाखवण्यात अडचण वाटू नये.

आणखी एक गोष्ट. दहापैकी नऊ उपाहारगृहे पहिल्याच वर्षी बंद पडतात, असे सर्रास ऐकू येते आणि त्याला घाबरून लोक निर्णय घेतात. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात एच. जी. पारसा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्या वर्षात बंद पडण्याचे किंवा मालकी बदलण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्के आणि तीन वर्षांत मिळून सुमारे ६० टक्के आढळले होते. ते प्रमाण मोठेच आहे, पण सर्वांत कठीण काळ सुरुवातीचा असतो, हेही त्यातून दिसते. तुमचे ठिकाण जुने असेल तर तो टप्पा मागे पडला आहे. त्याच अभ्यासात अपयशी ठरलेल्या अनेक मालकांनी घरच्या जीवनावर येणाऱ्या ताणाचा उल्लेख केला होता. तेव्हा घरच्यांशी होणारे बोलणे औपचारिकता म्हणून उरकू नका.

भट्टीसमोर :

जमाखर्च यांनी वह्या मागायला सांगितले, ते बरोबरच आहे. पण मी स्वतः आचारी असल्यामुळे सांगतो की धंद्याची प्रकृती वह्यांच्या आधी मागच्या दारात कळते. माल देणारा माणूस पूर्वी आठवड्याचे बिल एकत्र द्यायचा आणि आता गाडीतून पेटी उतरवण्याआधीच रोख मागतो, असे काही झाले आहे का? मागणी नेहमीइतकीच असताना माल थोडा थोडा आणि वरचेवर मागवला जातो का? एकाच जिन्नसाचे पुरवठादार सारखे बदलतात का? मोडलेल्या वस्तूंची दुरुस्ती पुढे ढकलली जाते का? भांडी घासणाऱ्या मुलांचे पगार ठरल्या तारखेला होतात का? या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला कोणालाही न विचारता ठाऊक असतील. ती कागदावर लिहून काढा आणि मग ताळेबंद हातात घ्या. दोन्हींत फरक दिसला तर तो कशामुळे आहे, एवढे समजले पाहिजे.

मुदपाकखाना :

दोघांचेही मनापासून आभार. भट्टीसमोर यांचे प्रश्न वाचताना मी बराच वेळ थांबलो. पगार आजवर कधीही चुकलेले नाहीत, हे मालकांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मात्र दोन पुरवठादार अलीकडे रोखीनेच माल देतात, हे खरे आहे. शीतखोलीच्या दाराची रबरी पट्टी खालच्या कोपऱ्यात फाटली आहे. रात्री बंद करताना आम्ही दाराला बाहेरून भरलेली पेटी टेकवून ठेवतो आणि सकाळी आतल्या तापमापकाचा काटा पाहूनच कामाला सुरुवात करतो. ती पट्टी ‘पुढच्या महिन्यात’ बदलायची, असे बरेच दिवस चालले आहे. याचा अर्थ धंदा अडचणीत आहे, की मालक थकले आहेत, हे मला आतून सांगता येत नाही.

माझा पुढचा प्रश्न कायद्याविषयी आहे. मी पैसे घालणार नसेन, तर माझे नुकसान पगारापलीकडे काय होऊ शकते?

कलमपोटकलम :

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की साध्या भागीदारीत तुमचे नुकसान तुमच्या घरापर्यंत पोहोचू शकते. तुम्ही कोणत्या देशात आहात हे लिहिलेले नाही आणि ते लिहिण्याची गरजही नाही, कारण या बाबतीतली मूळ तत्त्वे पुष्कळ ठिकाणी सारखी आहेत. १८९० चा ब्रिटिश भागीदारी कायदा, अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वीकारलेला १९१४ चा नमुना कायदा आणि १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा, हे तिन्ही या मुद्द्यांवर जवळजवळ एका सुरात बोलतात. सही करण्याआधी मात्र तुमच्या ठिकाणच्या वकिलाला कागद दाखवाच.

पहिला मुद्दा जमाखर्च यांच्या म्हणण्याला जोडून आहे. भागीदारांनी आपसांत वेगळे काही ठरवले नसेल, तर धंद्यात काम केल्याबद्दल कोणत्याही भागीदाराला मोबदला मागता येत नाही, असे हे तिन्ही कायदे सांगतात. म्हणजे एक भागीदार सकाळपासून रात्रीपर्यंत भट्टीसमोर उभा असला आणि दुसरा फिरकलाच नाही, तरी केवळ त्या श्रमांबद्दल पहिल्याला काही मिळत नाही. तुमच्यासारख्या कार्यरत भागीदाराचे वेतन करारात शब्दांत लिहिलेले नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते नाहीच.

दुसरा मुद्दा देण्यांचा. एकतृतीयांश हे प्रमाण तुमच्या दोघांमधले आहे. बाहेरच्या धनकोला त्याच्याशी कर्तव्य नसते. पेढीचे देणे पेढीच्या मालमत्तेतून फिटले नाही, तर तो संपूर्ण रकमेसाठी तुमच्याकडे येऊ शकतो आणि तुमची वैयक्तिक मालमत्ताही त्यातून सुटत नाही. मालकांकडून त्यांचा वाटा वसूल करणे ही नंतरची आणि तुमची स्वतःची लढाई. शिवाय धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात एका भागीदाराने केलेला करार दुसऱ्यालाही बांधतो. गल्ला, बँक आणि पुरवठादार त्यांच्याकडे राहणार असतील, तर देणी निर्माण करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आणि ती फेडण्याची जबाबदारी दोघांवर, अशी ही मांडणी आहे.

त्यातल्या त्यात दिलासा असा की तुम्ही येण्यापूर्वीच्या देण्यांसाठी नवा भागीदार म्हणून तुम्हाला व्यक्तिशः जबाबदार धरले जात नाही, जोवर ती देणी तुम्ही स्वतःहून अंगावर घेत नाही. व्यवहारात लोक नेमके इथेच अडकतात. बँक जुन्या कर्जाचे नूतनीकरण करताना ‘आता तुम्हीही भागीदार आहात’ म्हणून सही मागते, माणूस संकोचाने ती करतो आणि जुने कर्ज नवे होऊन त्याच्या गळ्यात पडते. म्हणून तुमच्या प्रवेशाच्या दिवशीचा ताळेबंद दोघांच्या सह्यांनी करारनाम्याला जोडावा आणि त्यातील देणी फक्त मालकांची राहतील, असे स्पष्ट लिहावे.

करार होण्याआधी एक काळजी घ्या. मालकांनी उत्साहाने ‘हे माझे भागीदार’ अशी तुमची ओळख पुरवठादारांना करून दिली आणि तुम्ही गप्प राहिलात, तर त्या विश्वासावर ज्याने उधारी दिली तो तुम्हाला भागीदार समजूनच जबाबदार धरू शकतो, मग प्रत्यक्ष करार झालेला असो वा नसो. ओळखपत्रावर किंवा फलकावर नाव घालण्याची घाई म्हणूनच करू नये.

आता तुम्हाला उपयोगी पडेल अशी एक वाट सांगतो. नफ्यात वाटा घेण्यासाठी भागीदारच व्हावे लागते, असे नाही. कॉक्स विरुद्ध हिकमन या खटल्यात ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) १८६० मध्ये ठरवले की केवळ नफ्यातून पैसे मिळतात एवढ्यावरून कोणी भागीदार ठरत नाही. धंदा त्याच्या वतीने चालवला जात होता का, हे पाहावे लागते. पुढे ब्रिटिश आणि भारतीय कायद्यांत स्पष्ट तरतूद आली की नोकराला मोबदल्याचा भाग म्हणून नफ्याचा वाटा दिला तर तेवढ्याने तो भागीदार होत नाही. म्हणजे पगार अधिक नफ्यातला ठरावीक वाटा, असे साधे पत्र घेऊन तुम्ही नोकर म्हणूनच राहू शकता, आणि धंद्याच्या देण्यांची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. माझ्या मते तुमच्या परिस्थितीत पहिले पाऊल हेच असावे.

सांजवेळ :

आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण ते वाचून धागाकर्ते मालकांकडे संशयाने पाहू लागतील, अशी मला भीती वाटते. मी स्वतः अशीच भागीदारी स्वीकारली आणि त्यात समाधानी आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

मला भागीदारीतून पैसा थोडाच अधिक मिळाला. मिळाला तो निर्णयाचा हक्क. आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवायचा, हा आग्रह नोकर म्हणून मी वर्षानुवर्षे धरला आणि तो कोणी ऐकला नाही. भागीदार झाल्यावर तो निर्णय पहिल्याच बैठकीत झाला, आणि त्यानंतर माझ्या हाताखालची माणसे सोडून जाण्याचे प्रमाण कमी झाले. धुराड्याची साफसफाई किती दिवसांनी करायची, नवा माणूस कोणाला घ्यायचा, गर्दीच्या वेळी किती टेबलांनंतर थांबायचे, हे सगळे मालकीचे प्रश्न आहेत आणि त्यांच्यावरच आचाऱ्याचे आरोग्य व अब्रू अवलंबून असते. नफ्याच्या वाट्याचे पत्र घेतले तर पैसे मिळतील, पण हा हक्क मिळणार नाही. उतारवयात मालक आपला धंदा आपल्या आचाऱ्याच्या हाती सोपवू पाहतो, ही गोष्ट रोज घडत नाही. त्यांच्या मनातल्या त्या विश्वासाला उत्तर देताना हातात केवळ कलमांची यादी असू नये.

भट्टीसमोर :

सांजवेळ यांचा निर्णयाच्या हक्काचा मुद्दा मला पूर्ण पटतो. मात्र तोच हक्क प्रस्तावात मिळत आहे का, हे पाहायला हवे. शीतखोलीची पट्टी बदलायला पैसे लागतात, पैसे गल्ल्यात आहेत आणि गल्ला मालकांकडे राहणार आहे. स्वयंपाकघराचा पूर्ण अधिकार दिला, पण तेथे खर्च करण्याची मुभा दिली नाही, तर तो अधिकार आजही तुमच्याकडे आहेच. दुरुस्ती आणि साधनांसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत कोणालाही न विचारता खर्च करता येईल, असे एक वाक्य करारात असावे.

कलमपोटकलम :

सांजवेळ, तुमच्या भावनेचा मी आदर करतो, पण लिहून घेणे म्हणजे अविश्वास, हे मला मान्य नाही. दोन सज्जन माणसांच्या आठवणी चार वर्षांनी एकसारख्या राहत नाहीत, एवढ्यासाठीच लिहायचे असते. सही करणारा एक जण दगावला की त्याचे वारस समोर बसतात, आणि त्यांना तोंडी बोलण्यातले काहीच माहीत नसते.

निर्णयाच्या हक्काबद्दल एक बारकावा लक्षात घ्या. साध्या भागीदारीत नेहमीच्या बाबी भागीदारांच्या बहुमताने ठरतात आणि तिथे सामान्यतः डोकी मोजली जातात, हिस्से नव्हे. दोघेच भागीदार असतील तर एकतृतीयांशवाल्याचेही मत एकच आणि दोनतृतीयांशवाल्याचेही एकच. मतभेद झाला तर गाडे अडते आणि भिजत घोंगडे पडते, म्हणून तिसऱ्या कोणाचा शब्द अंतिम मानायचा हे आधीच ठरवावे लागते. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली तर देण्यांपासून संरक्षण मिळते, पण तिथे मते भागांच्या प्रमाणात मोजली जातात आणि एकतृतीयांशवाला रोजच्या निर्णयांत कायम अल्पमतात राहतो. ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे विशेष ठरावाला तीनचतुर्थांश मते लागत असल्यामुळे मोठे मूलभूत बदल तो रोखू शकतो, एवढेच. कंपनीतही बँकेने वैयक्तिक हमी मागितली आणि तुम्ही ती दिली, तर मर्यादित जबाबदारीचे कवच त्या कर्जापुरते गळून पडते.

मुदपाकखाना :

जागेचा भाडेकरार मालकांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि तो पुढच्या वर्षी संपतो, हे मला आज समजले. मी भागीदार झालो आणि नवा करार त्यांनी पुन्हा स्वतःच्याच नावावर केला, तर माझी स्थिती काय होईल?

कलमपोटकलम :

तुमचा प्रश्न जवळजवळ जसाच्या तसा न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे आला होता. सॅमन नावाच्या व्यावसायिकाने १९०२ मध्ये ब्रिस्टल हॉटेलची इमारत वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. पैशांचा निम्मा भार माइनहार्ड यांनी उचलला, कारभार मात्र सॅमन यांच्याकडे राहिला. पट्टा संपत आला तेव्हा जमिनीच्या मालकाने पुढील मोठी योजना सॅमन यांच्यापुढे ठेवली आणि त्यांनी माइनहार्डना न सांगता नवा पट्टा स्वतःच्या कंपनीच्या नावे केला. १९२८ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकाल दिला की एकत्र धंदा करणाऱ्यांचे परस्परांशी असलेले इमान बाजारातल्या सामान्य सचोटीपेक्षा वरचे असते, आणि ती संधी धंद्यामुळेच आलेली असल्याने तीत माइनहार्ड यांचा वाटा आहे.

निकाल तुमच्या बाजूचा वाटेल, पण तो मिळवायला माइनहार्ड यांना शेवटच्या न्यायालयापर्यंत जावे लागले आणि तिथेही न्यायमूर्तींत मतभेद होते. उपाहारगृहाची बहुतेक किंमत जागेत आणि नावात असते. भांडी व भट्ट्या विकायला काढल्या तर हाती फारसे काही येत नाही. म्हणून भाडेकराराचे नूतनीकरण होण्याआधी हिस्सा घ्यायचा असेल, तर नवा करार पेढीच्या नावावर होईल, ही अट आधी हवी. अन्यथा तुम्ही एका वर्षाच्या जागेतला एकतृतीयांश हिस्सा घेत आहात.

पदार्थांच्या कृतींविषयी कोणी विचारण्याआधीच लिहितो : निव्वळ जिन्नसांच्या यादीला प्रताधिकाराचे संरक्षण सहसा मिळत नाही. तुमच्या कृती तुम्ही धंदा सोडताना सोबत नेऊ शकता का आणि तुमच्या मागे तिथे त्या वापरल्या जातील का, हे दोन्ही करारानेच ठरते.

जुनी पाने :

हिशेब आणि कायद्यावर पुरेसे लिहिले गेले आहे. पण पैसे न घालता केवळ श्रम घालणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न किती जुना आहे, हे धागाकर्त्यांना कळावे, असे वाटते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित गायस नोंदवतो की एखाद्या भागीदाराचा नफ्यातला वाटा मोठा आणि तोट्यातला लहान असेल अशी भागीदारी होऊ शकते का, यावर मोठा वाद होता. क्विंटस म्यूकियस यांनी तो प्रकार भागीदारीच्या स्वभावाविरुद्ध मानला; सर्व्हियस सल्पिकियस यांचे मत असे की एखाद्याचे श्रम तितके मोलाचे असतील तर त्याने नफ्यात वाटा घ्यावा आणि तोटा मुळीच सोसू नये, असाही करार योग्य आहे, आणि शेवटी हेच मत मान्य झाले. तेव्हा ‘मी भांडवल म्हणून माझी कला घालतो, तोट्याचा वाटा माझ्यावर नको’ असे मालकांना सुचवताना तुम्ही काही जगावेगळे मागत नाही. मध्ययुगातल्या इटालियन व्यापारी शहरांतही एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशा करारांत भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याने सोसायचा आणि श्रम करणाऱ्याचे श्रम वाया जायचे, अशी रीत होती. नफ्याची वाटणी तिथे बहुधा तीनचतुर्थांश आणि एकचतुर्थांश अशी असे.

आपल्याकडे धर्मशास्त्राने एकत्र मिळून केलेल्या उद्योगाला अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायनिवाड्याच्या विषयांत, स्थान दिले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत यासंबंधीचे नियम थोडक्यात आणि अतिशय व्यवहारी आहेत. इतरांनी नको म्हटलेले किंवा न सांगितलेले काम करून, अथवा हलगर्जीपणाने, ज्याने नुकसान केले त्याने ते भरून द्यावे. संकटातून माल वाचवणाऱ्याला दहावा हिस्सा अधिक मिळावा. लबाडी करणाऱ्याला नफा न देता दूर करावे. आणि जो स्वतः काम करण्यास असमर्थ झाला त्याने ते दुसऱ्याकडून करवून घ्यावे. हा शेवटचा नियम तुम्ही अवश्य विचारात घ्या. आचाऱ्याचे भांडवल त्याचे शरीर असते. मनगट, कंबर किंवा गुडघा कामातून गेला तर तुमचा वाटा चालू राहील का, आणि तुमच्या जागी ठेवलेल्या माणसाचा पगार पेढी देईल की तुम्ही, याचे उत्तर करारात असले पाहिजे.

सांजवेळ :

जुनी पाने यांनी आजारपणाचा मुद्दा काढला, तो माझ्या स्वतःच्या करारात नाही आणि आता मी तो घालून घेणार आहे. माझे आधीचे म्हणणे मी मागे घेत नाही, पण त्यात एवढी भर घालतो की मालकांशी बोलताना प्रश्न दोघांच्या बाजूने मांडावेत. त्यांना काही झाले तर तुम्ही कोणाबरोबर काम कराल, हा प्रश्न त्यांनाही सतावत असणार.

मुदपाकखाना :

मालकांशी सविस्तर बोलणे झाले. सांजवेळ यांनी सुचवल्याप्रमाणे मी सुरुवात त्यांच्या बाजूने केली : तुम्ही थांबलात तर पुढे काय व्हावे, असे तुम्हाला वाटते, हे मी विचारले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की मी सोडून जाईन अशी त्यांना भीती वाटत होती, आणि मंदीच्या महिन्यांत माझा पगार देताना ओढाताण होते, म्हणून पगाराऐवजी हिस्सा हा मार्ग त्यांना सुचला. जमाखर्च यांचे सहा आणि बाराचे गणित मी कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी ते दोनदा तपासले आणि आपल्या हे लक्षात आले नव्हते, असे स्वतःहून म्हणाले. वह्या त्यांनी त्याच दिवशी माझ्यापुढे ठेवल्या. दोन पुरवठादारांची थकबाकी आहे, ती फार मोठी नाही, पण जुनी आहे.

आम्ही आता असे ठरवत आहोत. पुढील भाडेकरार होईपर्यंत मी नोकरीतच राहीन, पगार चालू राहील आणि नफ्यातला एक वाटा पत्राने मिळेल. मंदीच्या दोन-तीन महिन्यांत पगाराचा काही भाग उशिरा घेण्याची तयारी मी दाखवली आहे, पण तो देणे म्हणून लिहून ठेवायचा. महिन्याचा हिशेब मला दाखवला जाईल. दुरुस्तीसाठी खर्चाची मर्यादा ठरली आहे. नवा भाडेकरार मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या नावे करायचा आणि त्या वेळी मला हिस्सा द्यायचा. तो एकदम न देता काही वर्षांत टप्प्याटप्प्याने माझ्या नावावर व्हावा, असे त्यांनी सुचवले आणि मला ते रास्त वाटले. कोणत्याही कर्जाला मी वैयक्तिक हमी देणार नाही, हे मी सांगितले. ते ऐकून ते थोडे नाराज झाले, पण तो मुद्दा मी सोडलेला नाही.

नफ्याच्या वाट्याचे पत्र आम्ही याच आठवड्यात लिहिणार आहोत. त्यात ‘नफा’ कसा मांडावा, याविषयी जमाखर्च यांनी काही सुचवावे.

जमाखर्च :

पत्रात नफ्याची व्याख्या केली नाही, तर बाकीचे सर्व निष्फळ ठरते, म्हणून हे नीट लिहा. विक्रीतून कोणते खर्च वजा होतील, त्यांची नावे द्या. तुमचा पगार आणि मालकांच्या कामाचे ठरवलेले वेतन, हे दोन्ही खर्चात धरा. मालकांच्या उचली मात्र खर्चात धरू नका. जुन्या थकबाकीची फेड या वर्षीच्या नफ्यातून वजा होणार नाही, असे लिहा, कारण ती मागील वर्षांची आहे. मोठी साधनसामग्री घेतली तर तिची किंमत एकाच महिन्यात न टाकता तिच्या आयुष्यभरात विभागा, म्हणजे वर्षाअखेर एखादी नवी भट्टी घेतल्यामुळे तुमचा वाटा शून्यावर येणार नाही. हिशेब तिमाही करा, पण अंतिम वाटणी वार्षिक हिशेबावर ठेवा, नाहीतर चांगल्या तिमाहीत घेतलेले पैसे वाईट तिमाहीत परत करावे लागतील. वर्ष संपल्यावर किती दिवसांत हिशेब पूर्ण करायचा, ती मुदत घाला आणि मूळ बिले पाहण्याचा हक्क लिहून घ्या. मध्येच नोकरी सुटली तर त्या दिवसापर्यंतचा वाटा कसा मोजायचा, तेही एका वाक्यात येऊ द्या. मसुदा तयार झाला की नावे आणि रकमा वगळून इथे टाका. कलमपोटकलम आणि मी दोघेही वाचून पाहू.